भावाला पोलिसांची नोटीस आलीय: कलमं कशी वाचायची आणि वकील कुठला गाठायचा

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या धाकट्या भावाचं घणसोलीत सोसायटीच्या पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडण झालं, सोबत त्याचा एक मित्र होता, झटापटीत शेजाऱ्याच्या डोक्याला हेल्मेट लागून टाके पडले, आणि आता भावाच्या हातात नोटीस आहे ज्यात भारतीय न्याय संहितेची कलमं ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) लिहिलीयेत. येत्या गुरुवारी हजर राहायला सांगितलंय. तुम्ही विचारताय की हे प्रकरण किती गंभीर, अटक होईल का, आणि वकील ठाण्याचा करायचा की मुंबईचा मोठा कुणीतरी. शिवाय एकजण बाहेर भेटून "मी मिटवतो" म्हणून पैसे मागतोय.

मी ठाणे कोर्टात क्रिमिनल साइडलाच प्रॅक्टिस करतो, बेलापूर आणि कल्याणलाही मॅटर असतात, त्यामुळे या टाइपची केस आमच्याकडे कायम येते. माझं म्हणणं एकच आहे आणि ते पुढे सगळीकडे येत राहील, की वकिलाचं नाव शोधण्याआधी कागद मिळवा आणि वाचा. लोक आधी ओळखीतून वकिलाचं नाव काढतात, पैसे देतात, आणि एफआयआरमध्ये काय लिहिलंय ते महिनाभराने त्यांना कळतं.

पहिला कागद म्हणजे एफआयआर. नोटीसवर गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल लिहिलेलं असेल, तो नंबर घेऊन महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर प्रसिद्ध एफआयआर शोधता येतात. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लैंगिक गुन्हे वगैरे नाजूक प्रकरणं सोडून एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायची, कनेक्टिव्हिटीची अडचण असेल तर थोडा जास्त वेळ. तिथे नाही सापडली तर वकील कोर्टात अर्ज करून कॉपी काढतो. एफआयआर वाचताना कलमांच्या आधी त्यातली हकीकत वाचा, कोणी कोणाला कशाने मारलं असं फिर्यादी म्हणतोय, कोण साक्षीदार म्हणतोय, घटना किती वाजताची आणि फिर्याद किती वाजता दिली. केस त्या हकीकतीवर चालते, कलमं नंतर बदलू शकतात.

घटनेची तारीख पण बघा. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झालेत, त्या आधीच्या घटनेला जुनं आयपीसी लागतं आणि नंतरच्याला न्याय संहिता. तुमची घटना आत्ताची आहे म्हणजे नवीन नंबर बरोबर आहेत. घरातले जाणते लोक अजून ३२४, ३२३, ५०४, ५०६ असं बोलतील, तर गोंधळू नका, ११८(१) म्हणजे साधारण जुनं ३२४, ११५(२) म्हणजे ३२३, ३५२ म्हणजे ५०४, ३५१(२) म्हणजे ५०६ आणि ३(५) म्हणजे जुनं ३४, दोघांनी मिळून एकाच उद्देशाने केलं असा आरोप. ते ३(५) वेगळा गुन्हा नाही, त्याला स्वतःची शिक्षा नाही, पण त्यामुळे मित्राने मारलेलं भावाच्या नावावर आणि भावाने मारलेलं मित्राच्या नावावर येऊ शकतं. म्हणून दोघांचा वकील एकच ठेवायचा का हे नीट विचार करून ठरवा, दोघांची बाजू पुढे एकमेकांच्या विरोधात जाणार असेल तर सुरुवातीपासून वेगळा वकील चांगला.

आता गंभीर किती. यात लोकांची सगळ्यात मोठी गफलत होते ती म्हणजे शिक्षेच्या वर्षांवरून अंदाज बांधणं. ११५(२) साधी दुखापत, एक वर्षापर्यंत शिक्षा, जामीनपात्र आणि अदखलपात्र, म्हणजे पोलिस स्वतःहून तपास करू शकत नाहीत असं, नुसतं एवढंच असतं तर पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन फिर्यादीला कोर्टात जायला सांगितलं असतं. ३५२ शिवीगाळ आणि ३५१(२) धमकी, ही दोन्हीही अदखलपात्र आणि जामीनपात्र. सगळा भार ११८(१) वर आहे, घातक हत्याराने किंवा साधनाने दुखापत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि हे दखलपात्र आहे आणि अजामीनपात्र आहे. एक कलम दखलपात्र असलं की बाकीच्या अदखलपात्र कलमांचा तपासही पोलिस त्याच केसमध्ये करू शकतात. आणि गंमत नाही, खरंच असं आहे की नुसत्या हाताने मारून कुणाचं हाड मोडलं तर ११७(२) लागतं, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे पण ते जामीनपात्र आहे. म्हणजे सात वर्षांवाल्यात जामीन हक्काने आणि तीन वर्षांवाल्यात कोर्टाच्या मर्जीने. त्यामुळे कुणी "तीनच वर्षांचं कलम आहे, काही होत नाही" म्हणालं तर त्याच्यावर विसंबून राहू नका. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असंही नाही हं, फक्त तो मागावा लागतो आणि कोर्टाने विचार करून द्यायचा असतो.

तुमच्या केसचा खरा धोका मला वेगळ्या ठिकाणी दिसतोय, आणि तो म्हणजे शेजाऱ्याचं मेडिकल सर्टिफिकेट. आत्ता टाके आहेत म्हणून ११८(१) आहे. सीटी स्कॅनमध्ये कवटीला फ्रॅक्चर निघालं, दात पडला असेल किंवा माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहिला, रोजची कामं करू शकला नाही, तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते आणि कलम ११८(२) होतं. त्याची शिक्षा कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षं किंवा जन्मठेप. म्हणजे तीन वर्षांच्या केसमधून एका रिपोर्टवर तुम्ही जन्मठेपेच्या कलमात जाता, आणि मग आज मिळालेल्या नोटीसचं संरक्षण पण पातळ होतं. वकिलाला भेटाल तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत त्याने जखमेबद्दल विचारलं पाहिजे. नाही विचारलं तर तुम्ही सांगा, आणि तरी त्याला त्यात रस नसेल तर दुसरा बघा.

दुसऱ्या बाजूने बघायचं तर हेल्मेट हे घातक हत्यार आहे का यावर चांगला वाद होऊ शकतो. कलमात गोळी झाडायचं, भोसकायचं, कापायचं हत्यार किंवा हत्यार म्हणून वापरलं तर मृत्यू येऊ शकेल अशी वस्तू, असं आहे. हेल्मेट कसं वापरलं, फेकलं, आपटलं, का झटापटीत लागलं, यावर ते अवलंबून राहील. आणि इथे सोसायटीचा सीसीटीव्ही सगळ्यात महत्त्वाचा आहे. बहुतेक सोसायट्यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून आजच सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, पोच घ्या, आणि त्याची एक प्रत तपास अधिकाऱ्यालाही द्या. कोर्टात असं फुटेज चालवायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट लागतं, ते वकील करून घेईल, तुम्ही फक्त फुटेज वाचवा. कुणीही त्यात काटछाट करू नका, आपल्या बाजूचा तुकडा काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

भावालाही लागलं असेल तर त्याचंही मेडिकल सरकारी दवाखान्यात करून घ्या आणि त्याची तक्रार लेखी द्या, उशीर झालाय तरी द्या, उशिराचं कारण खरं ते लिहा. पोलिसांनी नाहीच घेतली तर वरिष्ठांना पोस्टाने पाठवता येते आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. पण खोटी क्रॉस कम्प्लेंट करू नका. समोरच्याच्या घरातल्या बायकांची नावं घालायची, सोन्याची चेन ओढली लिहायचं, असले सल्ले देणारे भेटतील, आणि जज लोक रोज अशा फिर्यादी वाचतात, त्यांना लगेच कळतं. तिथे भावाची खरी बाजूही पडते.

आता अटक. तुमच्याकडे आलेली नोटीस वर कुठल्या कलमाखाली आहे ते बघा. नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५(३) असेल, पूर्वीचं ४१अ, तर भाऊ आरोपी आहे पण सध्या अटक करायची गरज वाटत नाही असा त्याचा अर्थ. कलम १७९ असेल तर ती साक्षीदार म्हणून बोलावल्याची नोटीस असते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या निकालात ठणकावून सांगितलंय. नोटीसप्रमाणे माणूस हजर राहत असेल तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि हजर राहिला नाही तर तेच अटकेचं कारण होतं. म्हणून "जाऊच नको, गावाला निघून जा" हा सल्ला कुणी दिला असेल तर तो विषासारखा आहे, भाऊ सातारला गेला की पोलिसांच्या डायरीत तो फरार. नोटीस फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल तर ती कायदेशीर बजावणी धरत नाहीत, २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने तसं पोलिसांना बजावलंय, पण तेवढ्यावर घरी बसू नका, वकिलामार्फत लेखी कळवा की आम्ही यायला तयार आहोत, रीतसर नोटीस द्या.

हजर राहायला जाताना एक लेखी पत्र न्या की नोटीसप्रमाणे हजर झालोय, तारीख वेळ टाकून पोच घ्या. जबाबावर सही मागितली तर लक्षात ठेवा, तपासातल्या जबाबावर सही करायची गरज नसते. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, घटनेच्या कलम २०(३) मध्ये ते आहे. नाव, पत्ता, ओळख नीट सांगायची, उर्मटपणा करायचा नाही, पण "मीच मारलं, सोडून द्या साहेब" हेही बोलायचं नाही. चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवायचा हक्क मात्र नाही, त्यामुळे वकील बाहेर बाकावर असला तरी त्याचा उपयोग होतो.

आणि समजा अटक झालीच तर अटकेची कारणं लेखी मिळाली पाहिजेत, समजेल अशा भाषेत. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये हे सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे असं सांगितलं, ताबडतोब देता आली नाहीत तर रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायला मॅजिस्ट्रेटपुढे, उभं करायच्या निदान दोन तास आधी द्यायची. घरच्या माणसाला कळवायचं असतं, मेडिकल करायचं असतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं असतं. त्या दिवशी पोलिस पीसीआर मागतील, म्हणजे पोलिस कोठडी, मिळाली नाही तर एमसीआर होतो म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि एमसीआर झाला की आम्ही बहुधा त्याच टेबलावर जामिनाचा अर्ज देतो. "एमसीआर झाला" ऐकून घरचे रडायला लागतात, पण बऱ्याचदा ती जामिनाकडे जायची पायरी असते.

अटकपूर्व जामीन लावायचा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण वकील नक्की काढेल. ३५(३) ची नोटीस असताना सेशन्स कोर्ट कधी कधी म्हणतं की अटकेची भीतीच नाही तर अर्ज कशाला. पण मी वर म्हटलं तसं मेडिकल वाढण्याची शक्यता असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अर्ज तयार ठेवणं शहाणपणाचं. हा निर्णय एफआयआर आणि जखमेची माहिती समोर ठेवूनच होतो, फोनवर होत नाही.

चॅप्टर केसबद्दल पण एक ओळ, कारण अशा भांडणांत ती नोटीस वेगळी येते आणि लोक तिला दुसरा गुन्हा समजून घाबरतात. ती शांतता राखण्याचा बाँड घेण्यासाठी असते, त्याच संहितेचं कलम १२६, पूर्वीचं १०७, आणि कमिशनरेटमध्ये ती एसीपींच्या पुढे चालते. तारखेला जायचं.

आता वकील. पहिली गोष्ट, कोर्ट कुठलं ते समजून घ्या कारण नवी मुंबईत हा गुंता आहे. कमिशनरेट एक पण जिल्हे दोन. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ हा ठाणे जिल्हा, मॅजिस्ट्रेटचं काम बेलापूरला आणि सेशन्स ठाणे जिल्ह्याच्या कक्षेत. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे पोलिस नवी मुंबईचे पण जिल्हा रायगड, त्यांचं कोर्ट पनवेल. तुमची केस बेलापूरची. म्हणजे तुम्हाला असा माणूस हवा जो बेलापूरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात नेहमी उभा राहतो आणि वेळ पडली तर सेशन्सला अर्ज चालवू शकतो. हायकोर्टात नाव असलेला वकील चांगलाच असतो, पण रिमांड संध्याकाळी पाचला लागला तर तो फोर्टहून येणार की ज्युनिअर पाठवणार? हायकोर्टाची गरज पुढे लागू शकते, तेव्हा बघू.

नाव कसं काढायचं, तर मी सांगतो ते थोडं कष्टाचं आहे. एक दिवस सकाळी अकराला बेलापूर कोर्टात जा, क्रिमिनल कोर्टात मागे बसा, खुल्या कोर्टात कुणालाही बसता येतं. कोण पुकारा झाल्यावर तयार असतो, कोण फाइल हातात घेऊन बोलतो, कोण फक्त तारीख मागतो, दोन तासांत दिसतं. त्यातल्या दोघातिघांना बाहेर भेटा. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे इंटरनेटवर "नंबर वन क्रिमिनल लॉयर" लिहिलेलं दिसलं तर ते गुणवत्तेचं प्रमाण धरू नका. एखाद्याचं नाव पक्कं करण्याआधी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद (वकिलीचा परवाना) आहे का ते विचारायला लाजू नका.

भेटल्यावर मी असतो तर काय विचारलं असतं? तारखेला तुम्ही स्वतः येणार का ज्युनिअर, ११८(१) मधले जामीन तुम्ही या कोर्टात चालवलेत का, फी टप्प्याने किती म्हणजे अटकपूर्व जामिनाची वेगळी, साध्या जामिनाची वेगळी, चार्जशीटनंतर केस चालवायची वेगळी, आणि पावती मिळेल का. फी आकड्यात मी इथे सांगत नाही, वकिलागणिक आणि केसगणिक ती बदलते, पण टप्पे लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलेत तरी चालेल. जो "शंभर टक्के जामीन करून देतो" म्हणतो त्याला सोडा. "जामीन झाला तरच पैसे" असं म्हणणाराही नको, निकालावर फी ठरवणं आमच्या नियमांतच बसत नाही. आणि "साहेबांशी बोलणं झालंय, एवढे द्यावे लागतील" म्हणणारा तर लाच मागतोय, मग त्याच्या अंगावर काळा कोट असला तरी. तुम्हाला बाहेर भेटलेला तो माणूस याच जातीचा आहे, त्याला एक रुपया देऊ नका. जामिनाची रक्कम कोर्टात भरायची असते, पावती मिळते, आणि कॅश बेल असेल तर अटी पाळल्या की केस संपल्यावर परत मिळते. मध्यस्थाला यूपीआय करायची ती गोष्टच नाही.

वकिलाला सगळं खरं सांगा. भाऊ दारू प्यायला होता का, आधी एखादी एनसी आहे का, मित्राने नक्की काय केलं. तुम्ही सांगितलेलं वकील तुमच्या परवानगीशिवाय उघड करू शकत नाही. आम्हाला पहिल्यांदा सरकारी वकिलाच्या तोंडून जुनी केस कळते तेव्हा अर्ज तिथेच पडतो.

पैशाची अडचण असेल तर ती पण सांगून टाका. महिला, अनुसूचित जाती जमातीची माणसं, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस ठाण्याच्या कोर्टात आहे, आणि देशभरासाठी हेल्पलाइन १५१०० आहे. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील असं धरून चालू नका. रोज रिमांडला उभे राहून त्यातल्या बऱ्याच जणांचा हात चांगला बसलेला असतो, मी पाहतो ना रोज.

मिटवण्याबद्दल. शेजारी आहे, उद्याही एकाच लिफ्टमध्ये भेटणार, त्यामुळे समझोता होत असेल तर मला मनापासून आवडेल. पण ११५(२), ३५२, ३५१(२) या कलमांत तडजोड मॅजिस्ट्रेटपुढे होऊ शकते, ११८(१) तडजोडीच्या यादीत नाही. म्हणजे दोघांनी स्टॅम्प पेपरवर सह्या केल्या म्हणून केस बंद होत नाही, दोघांच्या संमतीने हायकोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करायचा अर्ज करावा लागतो. तिथे लागेल हायकोर्टाचा वकील. आणि समझोत्यासाठी भावाने स्वतः शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये, साक्षीदारावर दबाव टाकला असं नवीन प्रकरण उभं राहतं. सोसायटीतले दोन वडीलधारे किंवा वकील मध्ये घाला.

नोकरीची काळजी तुम्ही शेवटी लिहिलीय. एफआयआर म्हणजे शिक्षा नाही, पण कंपनीच्या फॉर्ममध्ये केस प्रलंबित आहे का विचारलं तर खोटं लिहू नका, आणि कोर्टात केस गेल्यावर पासपोर्ट, परदेश दौरा वगैरेसाठी कोर्टाची परवानगी लागते, ते वकिलाला आत्ताच सांगून ठेवा.

गुरुवारच्या आधी एवढं करा: आज सेक्रेटरीला फुटेजचा अर्ज, उद्या एफआयआरची कॉपी आणि बेलापूर कोर्टात चक्कर, बुधवारी संध्याकाळपर्यंत वकीलपत्रावर सही. गुरुवारी भाऊ वेळेआधी पोहोचू दे, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स, हजर झाल्याचं पत्र दोन प्रतींत, चालू औषधं असतील तर ती, आणि घरातलं एक शांत डोक्याचं माणूस. शेजाऱ्याच्या जखमेचा रिपोर्ट काय आला ते कळलं की इथे लिहा, ११८(२) लागलं असेल तर पुढचं वेगळं सांगावं लागेल.